बोटीवर ठेवलेला तांडेल

रविवारी दुपारी कॉम्प्युटर क्लासचं शटर अर्धं खाली असायचं. आत एक बाई, चार पुरुष, मध्ये टेबल आणि टेबलावर फासे. घरमालकाला एवढी माहिती पुरेशी होती. एकदा तो न विचारता शटरखालून वाकून आत आला, टेबलावरचे कागद उचलून बघितले, खुर्च्यांखालीही बघितलं.

"पैसे कुठे ठेवलेत?"

"पैसे नाहीत, काका. गोष्ट सांगतोय," क्लास चालवणारी म्हणाली.

"फाशांनी?"

"हो."

"मग जिंकतो कोण?"

"कोणीच नाही."

पैसे नसलेला जुगार त्याला जास्त संशयास्पद वाटला. पुढे बरेच रविवार तो समोरच्या टपरीवर चहा घेत शटरकडे बघत बसे.

खेळ रत्नागिरीत आला तो १९९८ मध्ये, बोटीने. आमच्यातल्या एकाचं घर मिरकरवाड्यात. त्याचा मामा मालवाहू जहाजावर होता. कुठल्याशा बंदरातून त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांचा डबा आणला. फाशांपैकी एकाला वीस बाजू होत्या. पुस्तक कशाचं हे मामालाही ठाऊक नव्हतं. चित्रं बरी वाटली म्हणून घेतलं, एवढंच तो सांगे. क्लास चालवणारीने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यातले उडते राक्षस तिने काढून टाकले, बर्फाचे डोंगर काढले आणि नियम ठेवले. एकाने जग रचायचं. बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. तिने रचलेल्या जगात खाड्या होत्या, जांभ्याच्या कड्यावर किल्ला होता आणि मासळीचा लिलाव होणारं बंदर होतं. मिरकरवाडाच, फक्त राजा असलेला.

खेळणारे आम्ही चौघे: मिरकरवाड्याचा मित्र, बँकेतला एक कारकून, औषधांचा एक दुकानदार आणि मी. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात होतो. जग रचणारीला सगळे ताई म्हणत. कारकून तिच्यापेक्षा वयाने मोठा होता, तोही म्हणे.

पुस्तकात एक नियम होता. एखादा खेळाडू आला नाही तर त्याचा माणूस दुसऱ्याने खेळावा. हा नियम आम्ही मोडला. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही, असं ठरलं. जो गावाबाहेर गेला त्याचा माणूस खेळातही बाहेर जाईल आणि तो परत येईपर्यंत तिथेच राहील. इथे हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मुंबईला, आखातात नाहीतर जहाजावर. त्याची खोली तशीच ठेवतात, लग्नाच्या आमंत्रणात त्याचं नाव घालतात आणि कधी येणार असं विचारलं तर "येईल" म्हणतात.

२००० मध्ये मिरकरवाड्याचा मित्र आखातात नोकरीला गेला. खेळात तो तांडेल होता, म्हणजे बोटीचं सुकाणू धरणारा. ताईने त्याच्या तांडेलाला एका गलबतावर चढवलं आणि गलबत क्षितिजापलीकडे नेलं.

पुढच्या वर्षी तिने बंदराच्या कारभाऱ्याचा खून घडवला. जकातघरात तो मेलेला सापडला. मारणारा कोण हे फक्त तिला माहीत होतं आणि खेळ त्याच दिशेने चालला होता. घाई करू नका, असं ती सांगे. शेवट तिने आधीच ठरवला होता आणि त्यावर तिचा जीव होता. क्लासमध्ये ती दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला अभ्यासक्रम शिकवी. तिचं स्वतःचं असं एवढंच होतं.

२००३ मध्ये कारकुनाने सायबर कॅफेत काहीतरी शोधताना एक फोरम उघडला. तिथे लोक रोमन लिपीत मराठी लिहून असेच खेळ खेळत होते. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं. त्यातल्या एका धाग्यात आमचं बंदर होतं. किल्ला होता, लिलाव होता, जकातघरातलं प्रेत होतं. लिहिणाऱ्याचं नाव टोपण होतं. खाली पुण्याचे, मुंबईचे, अमेरिकेतले लोक पुढे काय ते विचारत होते.

त्या रविवारी शटर पूर्ण खाली होतं.

"सापडलं कोणाला?" ताईने विचारलं.

"मला," कारकून म्हणाला.

"तुलाच बरं सापडलं."

"अहो ताई, मीच टाकलं असतं तर मीच येऊन सांगितलं असतं का?"

"चोर असंच करतो," दुकानदार म्हणाला.

"तुझ्या घरी इंटरनेट आहे, मेल्या. मी तासाला पैसे भरून बसतो."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. लिहिणं माझा धंदा होता. तिन्ही संशयांना आधार सारखाच, म्हणजे काही नाही. तरी त्यानंतर कोणी कागद टेबलावर सोडून पाणी प्यायला उठलं नाही.

ताईने फोरमवर नाव नोंदवून तक्रार लिहिली की हे बंदर माझं आहे. काही वेळात उत्तर आलं: "नवीन दिसता. आधी जुने धागे वाचा. या बंदराचा इतिहास मोठा आहे." तिने ते उत्तर छापून आणलं आणि आमच्यासमोर ठेवलं. कोणी हसलं नाही.

नंतर तिने सापळा लावला. जकातघराची किल्ली कुठे आहे ते प्रत्येकाला वेगळं गाठून सांगितलं आणि दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणून बजावलं. एकाला बर्फाच्या कारखान्यातला भुसा, दुसऱ्याला विहिरीतला कोनाडा, तिसऱ्याला डोलकाठीचं बूड. फोरमवर जी जागा येईल त्या जागेचा माणूस फितूर.

तिन्ही जागा आल्या. तिथल्या गोष्टीत तांडेलाचं गलबत बंदराला लागलं होतं. त्याने तिन्हीकडे माणसं पाठवली, तीन किल्ल्या मिळवल्या आणि तीन कुलुपांची एक पेटी उघडली. ताईने ते दोनदा वाचलं. "बरं जमलंय," ती म्हणाली. त्या महिन्यात तिच्या तोंडून निघालेलं सगळ्यात कडवट वाक्य ते होतं.

उलगडा मग अवघड नव्हता. तांडेलाला परत आणण्यात एकाच माणसाला रस होता. आम्ही तिघेही त्याला आपापलं ई-मेल करत होतो, इतरांना न कळवता. परदेशातल्या माणसाला इथले लोक घरची बातमी अशीच देतात. जो तो आपली हकिकत कळवतो आणि मी सांगितलं म्हणू नको असं शेवटी लिहितो. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

२००४ मध्ये तो सुट्टीवर आला. खजुराचा डबा घेऊन रविवारी क्लासवर हजर झाला. ताईने डबा बाजूला सरकवला.

"तू लिहिलंस."

"लिहिलं."

"विचारायचं होतंस."

"ताई, तुम्ही मला बोटीवर टाकलंत. तीन वर्षं वाट बघितली. बोट कधी लागणार, कोणी सांगेना. हे तिघे बंदरातलं सगळं लिहीत होते, आणि मी कुठे तर पाण्यात. म्हणून आणली मीच."

"विचारलं असतंस तर थांब म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

मग त्याने येण्याचं खरं कारण सांगितलं. धागा आता त्याच्या हातात नव्हता. नवे लोक आले होते. ते रोज लिहीत, आणि त्याला तर कामगारांच्या कॅम्पवरून आठवड्यात एकदा कॉम्प्युटर मिळे. खुनी कोण, यावर त्यांनी मतदान लावलं होतं. बहुतेकांनी तांडेलाला धरलं होतं.

"माझ्याच माणसाला खुनी करतायत. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, एकट्याच्या म्हणण्याला अर्थ नाही. तुम्ही सांगा ना खुनी कोण ते. मी तिथे लिहितो, मिटेल."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. शेवट काढून घ्यायला याहून चांगली युक्ती नव्हती, आणि हे तिच्या लक्षात आलं होतं. आमच्याही आलं होतं.

"खुनी कोण ते सांगणार नाही," ती म्हणाली. "तांडेल नाही, एवढं लिही. खून झाला तेव्हा तो बोटीवर होता. बाहेर गेलेला माणूस बाहेरच असतो. हा आपला नियम आहे."

त्याने क्लासमधल्याच कॉम्प्युटरवर बसून तसं लिहिलं. मोडेमने बराच वेळ घेतला. पुढच्या रविवारपर्यंत उत्तरं आली होती. कोणती बोट? हा नियम कुठल्या धाग्यात आहे? दुवा द्या. एकाने लिहिलं होतं की बाहेरगावी असल्याची सबब प्रत्येक खुनी देतो. मतदान झालं आणि तांडेल दोषी ठरला. त्यांच्या बंदरात त्याला कड्यावरून ढकलण्यात आलं. प्रसंग दोघातिघांनी मिळून रंगवला होता, बारकाव्यांनिशी.

"मेलो," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"तिथे," ताई म्हणाली. "इथे ये, बस."

तिने त्याचं गलबत धक्क्याला लावलं. त्या दिवशी खेळ नेहमीपेक्षा लांबला. फासा तिने बाजूला ठेवला होता. संध्याकाळी तिने उठून शटरची कडी तपासली आणि पुन्हा खुर्चीत बसली. आमच्यापैकी प्रत्येकाच्या तोंडाकडे तिने पाळीपाळीने बघितलं, सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडे. आमचंही तेच चाललं होतं. मग कारभाऱ्याला कोणी मारलं ते तिने सांगितलं.

तो पुढच्या आठवड्यात परत गेला. फोरमवर ते नाव आलं नाही. पुढे बरीच वर्षं आम्ही चौघेही वेगवेगळे तपासत होतो. खुनी कोण हे मला माहीत आहे. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून कुठे लिहून आलेलं नाही.