ब्रेक चांगला हाय

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही समोर नाही, म्हणून जमत असेल.

आधी माझी खोड सांगतो. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसतो का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. घोडेगावात हायवेला माझं गॅरेज होतं. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नव्या धाटणीच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या, आणि त्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असायचे. आमच्याकडच्या जीपा सगळ्या जुन्या, ड्रम ब्रेकवाल्या. अपघातात चेपलेली एक नवी पिकअप माझ्याकडे मोडीत आली. तिचं पुढचं चाक खोललं आणि चाक ज्यावर बसतं तो हब हातात घेऊन मी कितीतरी वेळ बघत बसलो. हे जीपला बसेल का? मग जीपचं चाक आणून लावून बघितलं. पाचही भोकं जुळली! भोकं जुळली म्हणजे सगळंच जुळलं, असं मला वाटलं.

जीप होती दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. ते नगर-घोडेगाव वडाप करायचे, म्हणजे जीपमध्ये सीटा भरून नेआण. गावात त्यांच्या हाताचं नाव होतं. बाळंतपणाची बाई न्यायची असली तरी लोक म्हणायचे, यशवंताची जीप बघा. त्यांच्या ब्रेकचं ऑइल गळत होतं म्हणून जीप माझ्याकडे आली. मी त्यांना विचारलं नाही. दुरुस्ती सोडून दोन्ही पुढची चाकं खोलली, पिकअपचे हब आणि डिस्क चढवल्या, पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर मात्र जुनाच ठेवला. दाजी चालवून आले तेव्हा खूश होते. “आरं, नुसता पाय ठेवला की थांबती!”

चारसहा दिवसांनी ते परत आले. “भानू, पुढची चाकं लई तापत्यात रं. हात ठेववत न्हाई.”

मी जागेवरून उठलोसुद्धा नाही. म्हटलं, “नवे पॅड हायेत दाजी. घासून बसतील.”

— हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलंय, माझ्याच आवाजात.

त्या शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार. दाजी सकाळी नगरहून जीप भरून निघाले. इमामपूरच्या घाटात उतरताना त्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल थेट तळाला गेलं. त्यांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबेना. एका बाजूला दरी, समोरून ट्रक. दाजींनी जीप डोंगराच्या अंगाला घातली. पुढे बसलेल्या एका व्यापाऱ्याचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. सगळे जिवंत राहिले. ते कुणामुळे राहिले, हे त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

निरोप आला तसा मी मोटरसायकलवरून गेलो. आता खरं सांगतो. दाजी दगडावर बसले होते, कपाळातून रक्त येत होतं. मी आधी त्यांच्याकडे गेलो नाही. मी चाकाकडे गेलो. वाकून हात लावला आणि बोटं भाजली. जळका वास येत होता. मला भीती वाटायला हवी होती ना? मला उत्सुकता वाटत होती. असं का झालं असेल?

तोवर बराच वेळ गेला होता. जमलेल्यांपैकी एकाने जीपमध्ये बसून पेडल दाबलं. पेडल कडक! पुन्हा दाबलं. “ब्रेक तर हाय की!” लोक दाजींकडे बघायला लागले. जीपमध्ये मागे बसलेला एकजण म्हणाला, ड्रायव्हर गप्पा मारत होता, पाय दुसरीकडंच पडला असणार. दाजी म्हणत राहिले, “न्हाई वो, मी दाबला हुता. खाली गेल्ता.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅरेजवाला मी. मेहुणा मी.

मी आत बसलो, पेडल दाबलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “ब्रेक चांगला हाय.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार ओढून घेऊन मी घाटातून आणलेली जीप जॅकवर घेतली. चाक हाताने फिरेना. पॅड डिस्कला धरूनच बसले होते. ऑइलचा नट जरा ढिला केला, चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुन्या सिलेंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. ड्रमसाठी तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. त्याच दाबाने डिस्कचे पॅड सुटत नव्हते. चाकं तापली, घाटात ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली आणि पेडल खाली गेलं. गार झाल्यावर पुन्हा कडक.

मला आनंद झाला. अगदी खरा आनंद. कोडं सुटल्याचा. मी तो व्हॉल्व्ह काढून टाकला आणि जीप ठीक झाली.

संध्याकाळी अक्का आली. दारातच उभी राहिली. “भानू, मला तरी खरं सांग. ब्रेक गेल्ता का?”

सांगायचं होतं मला? मला नाही वाटत. मी म्हणालो, “न्हाई अक्का.”

तिने घरी जाऊन दाजींकडून चावी मागून घेतली. जीप विकली. दाजी सुप्याला कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. एकदा मला म्हणाले, “मला आजबी वाटतं रं, मी दाबला हुता. पन माझ्याच पायाचा मला भरवसा न्हाई आता.” मी म्हणालो, होतं असं कधी कधी.

आणि मी? पुढच्या काही वर्षांत पुष्कळ जीपांना डिस्क बसवल्या, प्रत्येकीचा व्हॉल्व्ह काढून. एकीलाही काही झालं नाही. पार राहात्याहून लोक गाड्या घेऊन यायचे. ते शिकलो कुणाच्या जिवावर, हे मला ठाऊक होतं.

भाचा मोठा झाला, गाडी शिकायची म्हणाला. दाजींनी त्याला माझ्याकडे आणून सोडलं. “मामाकडं शिक. माझ्यासारखं करू नगं.” मी शिकवलं. शेवटच्या दिवशी त्याच घाटातून उतरवलं. दाजी मागच्या बाकावर बसले होते, पुढचं बाक दोन्ही हातांनी धरून. पोराने घाटाच्या पायथ्याला, पांढरीपुलाशी गाडी अलगद थांबवली. दाजी खाली उतरले, माझ्याजवळ आले. माझा हात हातात घेतला.

“लई उपकार झाले, भानू,” म्हणाले.

मी हात तसाच राहू दिला.