दादाचं प्रकरण

‘लेखक्या’ हे नाव त्याला थोरल्या भावाने ठेवलं होतं, आणि तेही टोमणा म्हणून. घरचा धंदा गेट-ग्रिलचा. दादा डोळ्यांसमोर काळी काच धरून ठिणग्यांत बसलेला असायचा आणि हा धाकटा दुकानामागे पत्र्याच्या सावलीत कागद खरडत. “लेखक्या, शाई वाळली असेल तर हा अँगल धर जरा,” असं दादा आतून ओरडायचा.

पुढे लेखक्याचं खरंच छापून यायला लागलं. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत मजुरांना डांबून ठेवतात, पळून जाणाऱ्याचा गुडघा घणाने फोडतात, हे त्याने खाणवाल्याच्या नावानिशी लिहिलं. माहिती द्यायचा दवाखान्यातला कंपाउंडर. फुटलेले गुडघे बांधायला त्याच्याकडेच यायचे. खाणवाल्याच्या माणसांनी लेखक्याला भर बाजारातून उचललं, जीपला मागून बांधलं आणि खडीच्या रस्त्यावरून खाणीपर्यंत फरपटत नेलं. पाठ सोलून निघाली. डाव्या कानाची पाळी रस्त्यावरच राहिली. टाके कंपाउंडरनेच घातले. लेखकांना मदत करणाऱ्या बाहेरच्या एका संस्थेने मग त्याला आणि त्याच्या बायकोला देशाबाहेर काढलं.

परक्या मुलखात त्याला काम मिळालं ते एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात. ऑपरेशनच्या चादरी रक्ताने पापडासारख्या कडक होऊन यायच्या. त्या आधी गार पाण्यात टाकायच्या. गरम पाणी आधी लागलं की डाग कायमचा बसतो. घड्यांतून कधी सुई निघे, कधी चिमटा, एकदा तर पायाचं बोट निघालं. त्याने ते मुकादमाला नेऊन दिलं आणि पुढची चादर उचलली.

कामावरून आला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसे. इथे दारावर लाथ मारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे लेखणीला धार आली. खाणवाल्याला तो कसाई म्हणू लागला, त्याच्या पोरांची लफडी चव्हाट्यावर मांडू लागला. तिकडचे लोक लेख एकमेकांना फोनवर पाठवत.

बायको एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, “उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. शेळ्या तिकडे आहेत.”

“मग काय, तोंड शिवून बसू?”

“तसं मी म्हटलं नाही. भावजींना एक फोन करून विचारा, एवढंच.”

त्याने विचारलं नाही. दादा काय म्हणेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तेच ऐकायचं नव्हतं.

मग तिकडून शेजाऱ्याचा फोन आला. खाणवाल्याची माणसं भर दुपारी दुकानात शिरली होती. दादाला त्याच्याच वेल्डिंगच्या टेबलावर आडवं पाडलं, त्याचाच रॉड पेटवला आणि उजव्या डोळ्यात घातला. दुकान जाळलं. तिथून ती माणसं दवाखान्यात गेली. कंपाउंडर ड्रेसिंगच्या खोलीत डबा उघडून बसला होता. घणाच्या पहिल्या घावाला तो खाली पडला. पुढचे घाव तो मेल्यावरही पडत होते.

 आठवडाभर लेखक्या कामावर यंत्रासारखा वावरला. नंतर पुस्तक लिहायला बसला. दादा इस्पितळात होता, त्याला काही विचारणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजही वाटली नाही. माहिती कोण देतो हे विचारलं तेव्हा दादाने जीभ चावली पण तोंड उघडलं नाही, असं त्याने लिहिलं. लिहिता लिहिता त्याचं त्यालाच पटलं. आपल्यापायी भावाचा डोळा हकनाक गेला, यापेक्षा भाऊ लढला, हे सोसायला हलकं होतं.

संस्थेने खटपट करून दादालाही बाहेर आणलं. विमानतळावर लेखक्याने मिठी मारली तेव्हा दादा लाकडासारखा उभा राहिला. घरी तो खिडकीशी बसून राही. भावजयीने हाक मारली की जेवे, भांडं पडल्याचा आवाज झाला की हातांनी तोंड झाके. लेखक्या त्याला काही विचारत नसे. त्याच्या गप्प राहण्यालाही तो मोठेपणा समजला.

पुस्तक तयार होत आलं. इथे आलेल्या गावाकडच्या लोकांच्या मंडळाने वाचनालयाच्या हॉलमध्ये वाचन ठेवलं. दादाला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं, लोक येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. लेखक्याने दादाचंच प्रकरण वाचायला घेतलं. “माझ्या भावापुढे मरण उभं होतं,” तो वाचत होता, “पण एका निरपराध माणसाचं नाव त्याने ओठांवर येऊ दिलं नाही.” टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात दादा उठला.

लोकांना वाटलं, भावाला मिठी मारायला निघालाय. दादाने लेखक्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि सावरायच्या आत पुन्हा. पुढचा दात कागदांवर पडला. लेखक्या खाली कोसळला तेव्हा दादा त्याच्या छातीवर बसला आणि ठोसे घालत राहिला. एक डोळा नसल्यामुळे निम्मे ठोसे फरशीवर बसत होते, त्याचीच बोटं फुटत होती, पण तो थांबेना. चार माणसांनी ओढून बाजूला केलं. मंडळाचा सेक्रेटरी पोलिसांना फोन लावू लागला, तेव्हा लेखक्याच्या बायकोने त्याचा फोन काढून घेतला. “घरचं आहे,” ती म्हणाली. “आम्ही बघतो.”

घरी तिने दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं. एकाच्या तोंडाला बर्फ, दुसऱ्याच्या हाताला बर्फ.

“मी सांगितलं नाव,” दादा म्हणाला.

लेखक्याने मान वर केली.

“रॉड अजून पेटवायचा होता, तेव्हाच सांगितलं. माहिती कोण देतो म्हणाले, मी म्हटलं कंपाउंडर. आता जेवायच्या सुट्टीत ड्रेसिंगच्या खोलीत एकटाच असेल, हेही सांगितलं. ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं. पाया पडलो. तुझ्याबद्दल म्हटलं, तो माझा कोणी लागत नाही. आणि मग त्यांनी डोळा फोडलाच.” त्याने हातावरचा बर्फ खाली ठेवला. “आणि तू मला शूर केलंस. मला न विचारता. आधीही विचारलं नव्हतंस, लेख लिहिताना. तू इकडून एक ओळ लिहायचास, की तिकडे माझ्या दुकानासमोर जीप येऊन उभी राहायची. कधी विचारलंस, दादा, जीप येते का?”



दोन दिवसांनी दादाने स्वतःच कंपाउंडरच्या बायकोला फोन लावायला सांगितला. लेखक्या शेजारी बसला. दादाने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता.

“मला माहीत आहे,” पलीकडून ती म्हणाली. “सगळ्या गल्लीने ऐकलं होतं तुमचं ओरडणं. कोणी पुढे आलं नाही, दवाखान्यात निरोप द्यायलाही कोणी धावलं नाही. तुम्हाला मी काय बोलू?”

“वहिनी, माफी—”

“ती तुमची तुमच्याकडे ठेवा. तुमचे भाऊ आहेत का तिथे?”

लेखक्याने फोन घेतला.

“घण कोणी घातला, दार कोणी धरलं, जीप कोणी चालवली, त्यांची नावं मला ठाऊक आहेत. ती छापा. माझं नाव कुठे येता कामा नये. मला इथेच राहायचंय, पोरीला शाळेत धाडायचंय. तुम्ही दोघं भाऊ तिकडे रडा नाहीतर एकमेकांची डोकी फोडा, मला त्याचं काही नाही.”

“आधी तुम्हाला वाचून दाखवतो,” लेखक्या म्हणाला. “तुम्ही हो म्हणाल तेवढंच ठेवतो.”

त्याने प्रकरण पुन्हा लिहिलं. दादा समोर बसून ऐकायचा आणि “हे असं नव्हतं” म्हणाला की ओळ जायची. कंपाउंडरच्या बायकोने फोनवर सगळं ऐकून दोन वाक्यं काढायला लावली, ती निघाली. मंडळाच्या लोकांना नवं प्रकरण आवडलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, आधीचं जास्त भिडत होतं.

पुस्तक आलं. तिघांना अटक झाली, पैकी घणवाला अजून आत आहे. बाकीचे दोघे जामिनावर सुटले. खाण सुरूच आहे. दादाला सायकली दुरुस्त करणाऱ्याकडे काम मिळालं. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ तो जात नाही, ते काम दुसरा करतो. भावाच्या घराजवळच त्याने एक खोली घेतली आहे. रविवारी जेवायला येतो, भावजयीशी गप्पा मारतो. लेखक्याशी फारसं बोलत नाही. लेखक्या मात्र नवीन काही लिहिलं की कागद घेऊन सायकलच्या दुकानात जातो आणि दादाची सुट्टी होईपर्यंत बाहेर उभा राहतो.