बादलीच्या तळाची जाळी

शनिवार, ८ मार्च २०२५. नळ आला नाही. बोअरवर भागवले. यांनी सकाळी पूजा केली, विभूती लावली आणि नंतर खुर्चीत. दिवसभर बोलणे नाही. दुपारी शेजारची चांगुणा पापडाच्या लाट्या देऊन गेली. गाडीच्या बॉनेटवर धुळीत मांजरीची पावले उमटली आहेत. यांना दाखवली. पाहिली आणि मान वळवली. संध्याकाळी बाजारात जाऊन बादली पाहणार.

एवढं लिहून मंजुषाबाईंनी डायरी मिटली आणि चपला पायात सरकवल्या. रोजचं रोज लिहून ठेवायची ही सवय नांदेडच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली. वयाची सासष्ट वर्षं झाली तरी सुटली नव्हती. एरवी त्या रात्री लिहीत. आज बाजारातून परत येईपर्यंत अंगात त्राण राहील याची खात्री नव्हती.

त्यांचे यजमान मल्लिनाथ पस्तीस वर्षं लातूरच्या एका डाळमिलमध्ये चाळण्यांवर देखरेख करत होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी पांढरी गाडी घेतली. दर रविवारी सकाळी ते ती स्वतः धुवायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका, पण बसूनही राहू नका. मल्लिनाथांनी त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. आधी गाडी धुणं सुटलं, मग फिरणं, मग बोलणं. चहा हवा का, म्हणून विचारलं तर मान हलायची. घरात दोन माणसं असून मंजुषाबाईंना सोबतीला रेडिओ लावावा लागत होता.

माहेरी बिलोलीला मंजुषाबाईंचे वडील असेच एका आजारपणानंतर खुर्चीत बसले होते. ते पुन्हा उठले नाहीत. दुखणं बरं झालं होतं, माणूस मात्र संपत गेला.  यांना गाडीपर्यंत तरी न्यायचंच, एवढं मंजुषाबाईंनी मनाशी ठरवलं होतं.

गंजगोलाईच्या बाजारात चंद्रप्पाचं प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान होतं.

"काय पायजे, आक्का?"

"गाडी धुवायला बादली. पण उचलावी लागणार नाही अशी."

चंद्रप्पा हसला. "न उचलायची बादली म्हंजे हौदच की ओ!"

पण वस्तू त्याच्याकडे होत्या. बादलीखाली बसवायची चाकांची चकती. वर घट्ट फिरवून लावायचं जाड झाकण, माणसाचं वजन पेलणारं. कडेला अडकवायच्या कप्प्यांच्या पिशव्या. आणि तळाशी ठेवायची, छोट्या पायांची एक गोल जाळी.

"ह्ये कशाला?" मंजुषाबाईंनीही त्याच्याच सुरात विचारलं.

"गाडीची रेती पान्यात उतरती न्हवं? ती जाळीच्या खाली बसती. धुवायचा हातमोजा परत बुडवला तरी रेती वर येत न्हाई. न्हाईतर रंगावर ओरखडेच ओरखडे."

उभं राहून मंजुषाबाईंचे गुडघे भरून आले होते. चंद्रप्पाने झाकण लावलेली बादली पुढे केली. "बसा की हितंच." त्या बसल्या. बादली हलली नाही. यांनाही असंच बसून दारांचा खालचा भाग धुता येईल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बादली, चाकं, झाकण आणि जाळी घेतली. पिशव्या परत केल्या. "गाडी धुवायची आहे रे बाबा, भाजी विकायची नाही."

रविवारी सकाळी पूजा आटोपून मल्लिनाथ ओसरीवरच्या खुर्चीत बसले. मंजुषाबाईंनी सगळं त्यांच्यापुढे मांडलं.

"तुमच्यासाठी आणलंय. उचलायचं काही नाही. ही ढकलायची, यावर बसायचं, हळूहळू धुवायचं."

मल्लिनाथांनी चाकांकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

 मंजुषाबाईंनी पदर खोचला. आणलंच आहे तर आपणच धुवावी. निदान मांजरीची पावलं तरी जातील. त्यांनी बादली बोअरच्या पाण्याने भरली, साबण घातला, जाळी सोडली आणि ढकलायला लागल्या. अंगण शहाबादी फरशीचं. पहिल्याच सांध्यात चाक अडकलं, पाणी हिंदकळून साडीवर आलं. पुन्हा ढकलली, पुन्हा अडकली. कशीबशी गाडीपर्यंत नेऊन त्यांनी हातमोजा बुडवला आणि दारावर फिरवला. कर्र असा आवाज आला.

"उलटी हाय."

मंजुषाबाईंनी वळून पाहिलं. मल्लिनाथ खुर्चीतून पुढे वाकले होते.

"काय उलटी आहे?"

"जाळी. पाय वर करून बसवलीस. घान कुठं बसंल मग?"

"मग या आणि सुलटी करा."

"डॉक्टरनं वजन उचलू नको म्हनलंय."

"जाळीला कसलं वजन? आणि बोलू नका असंही डॉक्टरांनीच सांगितलं होतं का?"

 मंजुषाबाईंना वाटलं, आपण जास्तच बोललो. पण खुर्ची करकरली. कठडा धरत ते पायऱ्या उतरले, बाही वर सारली, बादलीत हात घालून जाळी काढली आणि उलटून पायांवर बसवली.

"चाळनीच्या खाली मोकळी जागा लागती. मिलमधी नवीन मानसाला हेच आधी शिकवायचो. आता टपापासून सुरू कर. खालून वर कोन धुतंय?"

त्या टपाला लागल्या. हात पुरेना, खांद्यात कळ येऊ लागली. मल्लिनाथ बाजूला उभे राहून सूचना देत होते. आरसा राहिला. तिथं परत. जोर लावू नको.

भिंतीपलीकडून चांगुणाने डोकावलं. "काय वैनी, आज तुमी ड्रायवर व्हय?"

"ड्रायव्हर नाही गं, क्लीनर. मालक ते बघ, उभे आहेत."

ऊन वर आलं तसे वाळलेल्या बॉनेटवर क्षारांचे पांढरे डाग दिसायला लागले. मल्लिनाथ चुकचुकले.

"बोअरच्या पान्यावर सोडून चालत न्हाई. शेवटचा हात नळाच्या पान्याचा मारायचा असतो."

"नळाच्या? पिण्याच्या?"

"एकच तांब्या."

"दर रविवारी?"

"एकच की, मंजू."

"तुम्ही गाडीला पिण्याचं पाणी घालत होता? आठ-आठ दिवस नळ येत नाही इथे! मी तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालते! माठ झिरपतो म्हणून मी दोन माठ बदलले!"

मल्लिनाथ हसायला लागले. ऑपरेशनची जागा दुखली तशी छातीवर हात दाबून धरला, तरी हसतच राहिले. मंजुषाबाई खूप वेळ बोलत होत्या. रागही खरा होता. पण ते उत्तरं देत होते, आणि उत्तर आलं की त्या आणखी भांडत होत्या.

शेवटी मंजुषाबाईंनाच धाप लागली. मल्लिनाथांनी पायाने बादली कलती करून उरलेलं पाणी गटारीत सोडलं, झाकण फिरवून लावलं.

"बस हितं. दमलीस."

त्या बसल्या. नळाच्या पाण्याचा तो एक तांब्या भांडता भांडता मंजुषाबाईंनी स्वतःच आणून दिला होता, आणि मल्लिनाथ फडकं घेऊन एकटेच बॉनेट पुसत होते.

"पुढच्या रविवारी चाकं काढून टाक," ते म्हणाले. "हितं सांध्यांत चालायची न्हाईत. अर्धीच बादली भरत जा."

म्हणजे पुढच्या रविवारीही आपणच, हे मंजुषाबाईंच्या लक्षात आलं. यांना काम लावून द्यायला गेलो आणि आपल्याच गळ्यात पडलं. त्यांनी हं म्हटलं.

संध्याकाळी जेवताना मल्लिनाथ मिलमधल्या चाळण्यांबद्दल बोलत होते. जेवण झाल्यावरही बोलत राहिले. मंजुषाबाईंचा खांदा ठणकत होता, डोळे मिटत होते. मधूनमधून हुंकार देत त्यांनी डायरी उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: आज यांचे दिवसभर बोलणे. ज्वारी चक्कीवर टाकली आहे. पीठ उद्या दुपारी आणायचे.