सूर्यमाळच्या वाटेवरची झोळी

जव्हारच्या एसटी स्टँडवरून सकाळी साडेसहाला पाऊल उचललं तेव्हा अंगात नुसता हुरूप होता. जानेवारीची थंडी, पाठीवर लहानशी पिशवी आणि नियम एकच: मोखाडा, खोडाळा करत दुसऱ्या दिवशी पाचच्या आत सूर्यमाळला पायी पोहोचायचं. गाडीत बसायचं नाही. जमलं, तर ओळखीपाळखीच्या मंडळींनी कबूल केलेली देणगी सिकलसेलवरच्या संशोधनाला जाणार. तीस वर्षं नाशकात मुलींना कवायत शिकवलेली बाई आहे मी. वय चौपन्न झालं म्हणून काय झालं!

सिकलसेलच का? नोकरीच्या सुरुवातीला "पाय दुखतात" म्हणणाऱ्या एका मुलीला मी कामचुकार ठरवलं आणि मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा कळलं की हा आजार तिच्या रक्तातच होता. दवाखान्यातून ती थेट गावी गेली, शाळेत परत आलीच नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

पहिला दिवस झकास गेला. भात कापून मोकळी झालेली खाचरं, मधूनमधून सागाची झाडं, आणि दर थोड्या वेळाने मोटारसायकल थांबवून "बसा मागं" म्हणणारं कोणीतरी. एकाला नको म्हटलं तर तो म्हणाला, "पैसं नाय घेत, बसा!" भाडं वाचवायला चालणारी बाई वाटले असेन त्याला. मोखाड्यात मुक्काम केला. नागलीची (नाचणीची) गरम भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, वा! टाचेला फोड आला होता, त्याला पट्टी लावून गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या चहावाल्याने सूर्यमाळची मधली पायवाट दाखवली. दोनच्या सुमारास चढाला लागले, तर समोरून झोळी येत होती. बांबूला गोधडी बांधलेली, आत बारा वर्षांची मुलगी कण्हत होती. पुढे तिची आई जनी, मागे शेजारचे धर्माबाबा, साठी उलटलेले. मला बघून दोघांनी झोळी अलगद टेकवली.

"सांधं धरलं संगीचं. सिकल हाय तिला," जनी धापा टाकत म्हणाली. "सडकेवर ॲम्ब्युलन्स बोलावलीय. पर खांदं गेलं आमचं. पाड्यावर माणूसच नाय, समदी भट्टीला गेली."

दिवाळीनंतर इथली माणसं वीटभट्ट्यांवर जातात. जनी लेकीच्या दुखण्यापायी मागे राहिलेली.

सूर्यमाळ तासाभरावर होतं. सडक उलट दिशेला, तेवढीच लांब. खोटं कशाला बोलू, आधी मी घड्याळ पाहिलं. मग स्वतःचाच राग आला. पिशवी जनीच्या हातात दिली आणि बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं.

"चला बाबा, पाऊल जुळवा! डावा, उजवा, डावा, उजवा!"

दहा पावलांत झोळी अशी हेलकावली की संगी किंचाळली.

"अगं बाई, थांब!" धर्माबाबा ओरडले. "कवायत घेतीस का पोरीची? सारखं पाऊल पडलं का झोळी हिंदळती (हेलकावे खाते). माझा डावा पडंल तवा तुझा उजवा. आन आखूड टाक."

मेल्या पायांना तीस वर्षांची खोड! तीनदा चुकले, तीनदा बोलणी खाल्ली. शेवटी मनातले आकडे बंद केले आणि बाबांच्या पावलांचा आवाज ऐकत बरोबर उलटा पाय टाकत गेले. झोळी स्थिर झाली. जनी लेकीच्या कपाळावर हात ठेवून शेजारून चालत होती. थोड्या वेळाने आतून बारीक आवाज आला, "आता कमी लागतं."

दोन खांदेपालट करून आम्ही सडकेला लागलो. ॲम्ब्युलन्स उभी होती, देव पावला! मायलेकी जव्हारला गेल्या आणि मी मागे वळले. सूर्यमाळला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पाच कधीच वाजून गेले होते. देणगीदारांना फोनवर खरं ते सांगितलं. कोणी शब्द फिरवला नाही. पन्नासेक किलोमीटर चालल्याचा माझा तोरा उतरला म्हणाल, तर मुळीच नाही. झोळीचा खांदा जमल्यापासून तो वाढलाच आहे.

तिसऱ्या दिवशी परतताना जव्हारला उतरून दवाखान्यात गेले. सलाईन लावलेली संगी बिस्कीट खात होती. मी कशासाठी चालत होते ते जनीला सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"मंग औषध निघंल तवा आमच्या पाड्यावर येल का?"

तिच्याशी खोटं बोलवेना.

"सडकेपर्यंत येईल बहुतेक," मी म्हटलं. "पुढचं नाही सांगता येत."

जनीने लेकीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"सडकंपतुर येऊ दे. पुढं आमी आणू."

नाशिकची एसटी सुटायची वेळ झाली होती, पण मला तिथून उठवेना.