पान लागलं

आमच्या शेतावर साप हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सापाला जनावर म्हणायचं, आणि तो चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचं. नाव घेतलं की ते येतं, म्हणून. गावच्या पोरांना हे बोलायला लागल्यापासून ठाऊक असतं. मला नव्हतं. आम्ही खेडला राहायचो आणि गावी फक्त सुट्टीत जायचो. तिथे मला सगळे ‘शहाणी’ म्हणून चिडवत, आणि मी ते कौतुक समजत असे.

आठ वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी, भातकापणी चालू. दुपारी आजोबा मला घेऊन खालच्या पऱ्यावर मासे धरायला गेले. पऱ्या म्हणजे आमच्या शेताच्या कडेने वाहणारा ओढा. माझ्या हातात गरी, गांडूळ लावायला मात्र आजोबा. गरीला काही लागेना, तेव्हा ते बांधाच्या चिऱ्यांखाली हात घालून वांब, म्हणजे तो लांबट बुळबुळीत मासा, चाचपू लागले. मला त्या अंधाऱ्या फटींची भयंकर भीती वाटायची. ते मात्र कोपरापर्यंत हात घालून माझ्याशी गप्पा मारायचे.

एकदम गप्प झाले. हात बाहेर काढला, बोट दाबून धरलं आणि बांधावर बसले.

“पान लागलाय गो माला,” म्हणाले. “घरी जा, काकाला सांग. बेगीन जा. पडू नको.”

आवाज रोजचाच होता. मला घाबरवायचं नव्हतं त्यांना, हे आता कळतं. मला वाटलं, खाजरं पान लागलं असेल. मलाही आदल्या दिवशी लागलं होतं, आजीने खोबरेल चोळलं होतं. एवढ्याशा खाजेला काका कशाला, असं वाटून मला थोडं हसूही आलं.

वाटेत पेरूचं झाड होतं. मी चढले. दोन खाल्ले, चार फ्रॉकच्या ओच्यात घेतले, मग फांदीवर बसून पाय हलवत आणखी एक खाल्ला.

खळ्यात पोचले तर काका भात झोडत होता. म्हटलं, “आजोबांना पान लागलंय.”

त्याच्या हातातली पेंढी खाली पडली. काकूने तोंडावर हात घेतला. काका मला गदागदा हलवत विचारत होता, “कधी? किती वेळ झाला?”

“आत्ताच. मी धावत आले.”

पेरू मी गोठ्यामागे टाकून दिले.

फुरसं होतं. काकाने त्यांना पाठीवर घेऊन वर आणलं तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. दवाखान्यात वेळ विचारली, काकाने मी सांगितलेलीच सांगितली. तीन दिवस डॉक्टर काही सांगेनात. ते तीन दिवस मी जेवले नाही. सगळे म्हणाले, पोरीचा जीव आहे आजोबांवर. होताच, पण मी जेवत नव्हते ती पकडली जाण्याच्या भीतीने.

ते वाचले. दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्यानंतर आल्यागेल्याला सांगायचे, “नात धावत गेली म्हणून मी हाय.” हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत, आणि मला ते बरंच वाटे.

यंदा ते गेले. बाराव्याला काकूने तेच सगळ्यांसमोर सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तिथे थांबवेना. मी उठून शेतात उतरले, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या बांधावर जाऊन बसले, ते बसले होते तिथेच.

समोर सगळा उतार उघडा. आडोसा असा कुठे नाहीच, तेव्हाही नव्हता. पेरूचं झाड तर इतकं जवळ दिसतं, की खाली बांधलेली शेळी रवंथ करते तेही कळतं.

म्हणजे ते बोट दाबून बसले होते आणि फांदीवरून हलणारे माझे पाय त्यांना दिसत होते. हाक मारली असेल का त्यांनी? इथून मारलेली हाक तिथे ऐकू जाते की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.