बॉडीला प्लस

इंजिन चालू झालं, काकांनी टाळी वाजवली आणि बॉनेटखालून धूर आला. काकांनी चावी बंद केली. मी बॅटरीची वायर ओढून काढली.

गाडी इंग्लंडची, जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची. नौपाड्यातले काका बँकेतून रिटायर झाल्यावर वडिलांची ही स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करत होते. मी मानपाड्याच्या एका गॅरेजमधला वायरमन. मूळ उदगीरकडचा, शाळा आठवीत सुटली. उस्तादांनी पहिल्यांदाच एकट्याला पाठवलेलं. "जमलं तर जुन्या गाड्या तुझ्या. नाहीतर हॉर्न जोडत बस."

धूर कटआउटचा होता. डायनॅमो चार्ज द्यायला लागला की त्याला बॅटरीशी जोडणारा हा छोटा डबा. मी सगळं वायरिंग परत तपासलं. बरोबर होतं. दिवे लागले होते, स्टार्टर फिरला होता, फक्त चार्जिंग दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा उलटा गेला होता. डोकं चालेना.

काकांनी बॅटरीकडे बोट दाखवलं. "हा पत्रा कसला रे?"

"बॉडीची जुनी वायर मायनसवर ढिली बसत होती. म्हणून पट्टी घातली. सगळे घालतात."

"आणि दुसरी?"

"ती प्लसवर जाईना. प्लसचं टर्मिनल जाड असतं ना. ठोकून बसवली."

"मग अदलाबदल करून बघ की."

"तसं नसतं काका. बॉडीला मायनसच असतो."

म्हणालो खरा, पण त्या पट्टीकडे परत बघितलं. उस्तादांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बालाजी, त्या जुन्या इंग्लिश गाड्यांत प्लस बॉडीला असायचा रे. माझ्याही ध्यानात नाही राहिलं. आधी डायनॅमो बघ. तो गेला तर दुसरा मिळायचा नाही."

खोलून बघितला. डायनॅमो वाचला होता. कटआउटचे पॉइंट चिकटलेले, ते सोडवून पॉलिशपेपरने घासले. बॅटरी फिरवून लावली. दोन्ही वायरी हाताने बसल्या. सेल्फ मारला, काटा चार्जकडे गेला.

मी माफी मागायला लागलो तर काका म्हणाले, "आमच्या बाबांनी यापेक्षा जास्त जाळलंय हिच्यात. चहा घे." मग काकूंना बसवून ते एक फेरी मारून आले. मी तेवढा वेळ गेटवरच उभा होतो.

संध्याकाळी उस्ताद म्हणाले, जुन्या गाड्या आता तुझ्या. मी विचारलं, "पण प्लस बॉडीला देतात कशाला?"

"मला काय माहीत. दे म्हटलं की द्यायचा."

मला अजूनही कळलेलं नाही. काम करायला ते कळावं लागत नाही. विचारावं लागतं, आणि ते सेल्फ मारायच्या आधी.