गोआऊट बाईंचा चालता वर्ग

गोआऊट बाईंना बसलेल्या मुलीचं इंग्रजी खरं वाटत नसे. आठवीच्या पहिल्या तासाला त्या वर्गात आल्या, छत्री खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "गो आऊट." त्या काळी इंग्रजी आठवीतच सुरू होई; आम्हाला अजून अक्षरंही धड येत नव्हती. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं तेव्हा आपलं काहीतरी चुकलं असं समजून आम्ही बाहेर गेलो. दोघी-तिघी तर रडायला लागल्या. मग आतून आवाज आला, "कम इन." आम्ही आत आलो. तास संपेपर्यंत नुसतं आत-बाहेर चाललं होतं. घरी जाताना आपल्याला इंग्रजी येतं अशी आमची खात्री झाली होती, आणि बाईंना त्यांचं नाव मिळालं होतं.

ही दौंडची गोष्ट. माझे वडील तिथे रेल्वेत होते. बाई केडगावहून सकाळच्या गाडीने येत. त्या तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये वाढल्या, तिथेच शिकल्या आणि इंग्रजीही तिथल्या मडमांकडून उचललं. पांढरं पातळ, पाठीला ताठ कणा आणि पायांत कॅनव्हासचे बूट. शिकवायला चपला पुरत नाहीत, असं त्या गंभीरपणे सांगत. "पायाला कळलं की डोक्याला वेगळं सांगावं लागत नाही," हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे 'गेट इन' आणि 'गेट डाऊन' आम्ही शाळेबाहेर सोडलेल्या बैलगाडीत शिकलो, 'गो अराऊंड' लिंबाच्या झाडाभोवती, आणि 'कम डाऊन' गच्चीच्या जिन्यावर. शाळेचे शिपाई शंकरमामा एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी सुरू झालं की माझी बैलं दावं तोडत्यात." बाईंनी त्यांना शांतपणे उत्तर दिलं, "त्यांनाही आत घ्या मामा, फी माफ."

बाईंचा हुकूम कधीच एकटीला नसे. एकीला 'गो आऊट' म्हटलं की सगळ्या बाहेर. एकटी गेली की तिला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि सगळ्या गेल्या की तो अभ्यास होतो, असा त्यांचा हिशोब. तो आमच्या अंगात इतका मुरला होता की पुढे त्याची फळं आम्हाला भोगावी लागली.

जे चालून दाखवता येत नाही ते मात्र बाई शिकवत नसत. पुस्तकात 'पुट अप विथ' आलं. माझ्या शेजारची मंदा धिटुकली, तिने अर्थ विचारला. बाईंनी डावा पाय उचलला, थोडा विचार केला आणि खाली ठेवला. "हे आपल्याला लागत नाही. पेपरातही येणार नाही." असे बरेच शब्द आम्हाला लागले नाहीत. तुम्ही नातवंडं तिकडून फोनवर "आजी, आम्ही निघतोय" हे तुमच्या इंग्रजीत सांगता, तेव्हा मी इथे खुर्चीतून अर्धी उठलेली असते. तुमच्या आजोबांना त्याची सवय झाली होती.

शाळा चालवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष होते आप्पा. ऊस आणि सोसायटी दोन्ही त्यांच्या हातात. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असताना एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आम्ही भिंतीकडून भिंतीकडे 'गो अॅक्रॉस' करत होतो.

"बाई, पोरी शिकवताय का कवायत घेताय?"

"कम इन, आप्पा. सिट डाऊन."

आप्पा आत आले आणि पुढच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"बघा मुलींनो," बाई म्हणाल्या, "आप्पांना पहिल्याच तासाला आलं."

आप्पा हसले नाहीत. "आलं की. पन बाई, पेपर बसून लिवायचा आसतोय, चालून न्हाई. पोरींच्या बापांच्या तक्रारी हायत. औंदा मॅट्रिकला इंग्रजी घेणाऱ्या पाच पोरी हायत तुमच्या. त्या पास झाल्या तर वर्ग ऱ्हाईल. न्हाईतर जूनपास्नं बंद. पोरींना इंग्रजी घ्याच आसं सरकारबी म्हनत न्हाई."

हे खरं होतं. इंग्रजी न घेताही मॅट्रिक होता येई. फक्त पुढे कॉलेजचं दार बंद. त्या पाच जणींत मी होते, मंदा होती. आप्पा गेल्यावर बाईंनी पुढचा बाक सरळ केला. मग वळून म्हणाल्या, "गेट अप." आम्ही उभ्याच होतो, म्हणून आधी बसलो आणि मग उठलो.

परीक्षेचं केंद्र शिरूरला होतं. बाई आमच्याबरोबर आल्या. एसटीच्या दारात त्यांनी एकेकीकडून 'गेट ऑन' करून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, आता मराठीत चढा, गाडीला उशीर होतोय." आम्ही मंदाच्या मामांकडे उतरलो. इंग्रजीच्या पेपराला बाई शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर बसल्या. शाळेत शिरायची त्यांना परवानगी नव्हती.

पेपरात 'अप', 'डाऊन', 'अराऊंड' असे शब्द भरायच्या गाळलेल्या जागा होत्या. वाचलं आणि मंदा जागेवरून अर्धी उठून पुन्हा बसली. मग मी. मग मागच्या रांगेतली एक जण स्वतःभोवती वळली. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तर तसंच सापडायचं. पर्यवेक्षक नवे होते, तरुण होते. ते मंदाच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"खुणा कुणाला करतेस?"

"न्हाई सर. गेट अप करून बघितलं."

त्यांना तो उद्धटपणा वाटला. कपाळावर आठी घालून ते इंग्रजीत म्हणाले, "गेट आऊट."

मंदा उठली. आम्ही चौघीही उठलो, टाक खाली ठेवले आणि रांगेने बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. रडू कुणालाच आलं नाही. बाहेर पाठवलं म्हणजे आत बोलावणार, यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं. सर दारात येऊन आमच्याकडे बघत राहिले. त्यांनी एकीला हाकललं होतं आणि पाच गेल्या होत्या. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आत बाकीची मुलं भराभर लिहीत होती.

बाईंनी ते रस्त्यापलीकडून पाहिलं. चहाचा कप तसाच ठेवून त्या कुंपणाशी आल्या. एरवी हळू बोलणाऱ्या बाईंचा आवाज सगळ्या पटांगणात घुमला, "गो इन. सिट डाऊन."

आम्ही वळलो. दारात सर दोन्ही हात पसरून उभे राहिले. आवाज ऐकून केंद्रप्रमुख, एक वयस्कर गृहस्थ, पलीकडच्या खोलीतून आले.

"या बाहेर का?"

"एकीला बाहेर काढलं सर. बाकीच्या आपणहून आल्या."

केंद्रप्रमुखांनी मला विचारलं, "तू का आलीस?"

"आमच्यात सगळ्याच जातात."

"मग आत का नाही गेलात?"

"सर अजून कम इन म्हणाले नाहीत."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या पांढऱ्या पातळाकडे. आमच्या हातांत, कमरेला काही कागद नव्हता याची खात्री करून घेतली. मग सरांना म्हणाले, "घ्या यांना आत. आणि पेपर संपेपर्यंत यांच्याशी मराठीतच बोला."

'पुट अप विथ' पेपरात होतं. आम्ही पाचही जणींनी ती जागा कोरी सोडली. बाकीच्या जागा मात्र भरल्या, आणि आम्ही सगळ्या पास झालो, मंदा काठावर.

आप्पांनी शाळेत पेढे वाटले. वर्ग राहिला. इतकंच नव्हे, इंग्रजीमुळे शाळेचं नाव झालं असं कमिटीच्या लक्षात आलं, आणि अशा नावाजलेल्या वर्गाला पदवी नसलेली बाई शोभत नाही, हेही लक्षात आलं. पुण्याचे एक बी.ए. झालेले सर नेमले. बाईंना शिवणाचा वर्ग देऊ केला. त्या आप्पांना म्हणाल्या, "शिवण बसून करावं लागतं," आणि नगरकडच्या एका मिशन शाळेत नोकरी धरली.

मी कॉलेजच्या दाखल्यासाठी शाळेत गेले होते, तेव्हा बाई नव्या सरांच्या हाती वर्ग देत होत्या. मला राग आला होता. तो त्यांच्याही चेहऱ्यावर असेल म्हणून मी निरखून पाहत होते. बाईंनी खुंटीवरची छत्री घेतली आणि सरांना सांगितलं, "खिडकीजवळच्या बाकाचा एक पाय डुगडुगतो. त्याच्यावर दोन मुली एकदम चढवू नका." सर नम्रपणे "बरं" म्हणाले. ते फळ्यावर छान अक्षरात लिहून शिकवत. सुटीत घरी आले की मी कधीमधी शाळेत डोकावत असे; मुली जागेवर बसून उतरवून घेत. तो बाक त्याच पायावर पुढे कितीतरी वर्षं टिकला.